जेम्स राजाच्या लेकी

सोलापूर, २० जानेवारी १९३०

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

तीर्थरूप अप्पांना चंद्रव्वाचे शरणु शरणार्थी.

गड्ड्याची जत्रा झाली. नंदीध्वज पाहताना यंदाही अव्वाची आठवण आली. तुम्ही येणार म्हणून शेंगापोळ्या करून ठेवल्या होत्या, पण माळशिरसच्या कचेरीला तुमच्यावाचून चालत नाही. तिकडे एकट्याने खाण्यापिण्याची हयगय करू नका. वर्ष-श्राद्ध झालं की माणसं दुःख विसरतात म्हणतात. अव्वा जाऊन तीन वर्षं झाली, तुमचं जेवण अजून वेळेवर नाही.

इकडे एक नवीन आहे. ह्यांनी आमच्या पेठेतल्या वाचनालयात दर पंधरा दिवसांनी रविवारी इंग्लंडच्या इतिहासावर व्याख्यानं द्यायचं ठरवलं आहे. मॅट्रिकची मुलं ऐकायला येतात. विषय आहे दुसरा जेम्स राजा. ह्यांच्या शाळेचे हेडमास्तर आधी बिचकले, पण पुस्तक सरकारनेच लावलेलं, त्यातलाच धडा, तेव्हा परवानगी दिली.

मी भिंतीकडेच्या बाकावर बसून पहिलं व्याख्यान ऐकलं; त्यात सगळी गोष्ट थोडक्यात सांगितली. हा राजा रोमन कॅथलिक, आणि रयत सगळी प्रॉटेस्टंट. मिशनच्या शाळेत आमच्या बाई या दोघांतला फरक सांगायच्या, तेव्हा डोक्यावरून जायचा. ह्यांनी एका वाक्यात सांगितला: "देव एकच, पण मधे कोण उभा राहणार, यावरून भांडण." आपल्या शरणांना हे नवं नाही. राजा मोठा देवभक्त. लोक हसत, की एका पूजेपायी तीन राज्यं घालवली! मला मात्र त्याचं वाईट वाटलं. राज्य गेलं, पण आपला देव सोडला नाही.

राग आला तो त्याच्या लेकींचा. थोरली मेरी, बापावर फौज घेऊन आलेल्या नवऱ्याच्या बाजूने गेली आणि बापाच्या गादीवर बसली. धाकटी ॲन रातोरात घर सोडून शत्रूला मिळाली. राजा म्हणाला, "देवा, माझ्या पोरींनीसुद्धा मला सोडलं!" मला तर रडू आलं. नवरा मोठा खरा, पण ज्याने बोट धरून चालवलं त्याचं काहीच नाही? अशा लेकी वैऱ्यालाही नकोत.

तुमची
चंद्रव्वा


माळशिरस, ३ फेब्रुवारी १९३०

चि. सौ. चंद्रव्वा हिला अप्पांचा आशीर्वाद.

पत्र पावले. तुझे पत्र आले म्हणजे कचेरीत दुपारच्या चहाला सारे कारकून माझ्या टेबलाभोवती जमतात. मी मोठ्याने वाचतो. परवा महिपती कारकून म्हणाला, "अप्पा, तुमची लेक म्हंजे वर्तमानपत्रच की! आणि वर्गणी न्हाय." त्यावर मी म्हणालो, "बाबा रे, तालुक्यात किती लेकी मॅट्रिक आहेत, मोजून दाखव." बोटे मोजत जागेवर गेला.

मामलेदारसाहेब तेव्हा व्हरांड्यातून चालले होते. थबकून विचारते झाले, "कोणता राजा पळाला म्हणता?" मी सर्व सांगितले. साहेब नवीन आहेत, पण इतिहासाची गोडी दिसली. म्हणाले, "पुढचे पत्र आले की मलाही ऐकवा."

तेव्हा आता सविस्तर लिहीत जा. जावईबापू काय बोलतात, ऐकायला कोण येतात, काय विचारतात, सगळे. मुलीने बापाला सोडले हे वाचून मलाही वाईट वाटले. पण माझी चंदी तशी नाही, हे मी तिथेच सर्वांना सांगितले.

अप्पा


सोलापूर, १० मार्च १९३०

तीर्थरूप अप्पांना शरणु शरणार्थी.

माझी पत्रं कचेरीत वाचता हे कळून लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. साहेब ऐकणार म्हणून हे पत्र आधी पाटीवर लिहून मग कागदावर उतरवलं आहे. चुका असतील त्या झाकून वाचा.

व्याख्यानाला आता मुलं कमी आणि मोठी माणसं जास्त. गिरणीची पाळी सुटली की जॉबर म्हणजे तिथले मुकादम, विणकर, छापखान्यातले लोक तसेच येतात, अंगावर कापसाची तुसं घेऊन. वाचनालयाच्या पायऱ्यांपर्यंत बसतात. मी ह्यांना म्हटलं, अडीचशे वर्षांपूर्वीच्या परमुलखातल्या राजाचं यांना काय एवढं? हे म्हणाले, "राजा पळू शकतो, हे कुणी त्यांना आधी सांगितलंच नव्हतं."

गेल्या खेपेला सात बिशपांचा खटला सांगितला. राजाने हुकूम काढला, तो देवळात वाचा म्हणून. सात धर्मगुरूंनी नम्रपणे अर्ज केला की हे आम्हाला जमणार नाही. राजाने त्यांनाच तुरुंगात घातलं. पंचांनी त्यांना सोडलं, तेव्हा राजाच्या स्वतःच्या फौजेत आरोळी उठली. राजाने विचारलं, "कसला गलबला?" सरदार म्हणाला, "काही नाही महाराज, बिशप सुटले म्हणून शिपाई आनंद करताहेत." राजा म्हणाला, "याला तुम्ही काही नाही म्हणता?"

अप्पा, इथे सगळी सभा एकदम पुढे सरकून बसली. टाळीसुद्धा नाही.

मग आमच्या शेजारचा कल्लप्पा जॉबर उठला. अक्कलकोटकडचा माणूस, धीट. म्हणाला, "मास्तर, एक इचारू? त्यो राजा दुसऱ्या धर्माचा म्हनून घालवला, का जुलमी म्हनून घालवला?" हे म्हणाले, "कल्लप्पा, त्या देशात अजून यावर भांडण आहे. हुकूम तर चांगलाच होता, सर्व धर्मांना मोकळीक देणारा. पण कुणाला न विचारता काढला. चांगली गोष्टही लाथ मारून दिली तर कोण घेतो?" कल्लप्पा म्हणाला, "मंजी परका हाय म्हनून न्हाय, इचारत न्हाय म्हनून!" लोक हसले.

एक माणूस मात्र हसला नाही. शेवटच्या बाकावर काळी छत्री मांडीवर घेऊन बसतो आणि वहीत लिहितो. पाऊस नाही, ऊन कलंडलेलं, छत्री कशाला हे मला कळलं नाही.

चंद्रव्वा


माळशिरस, २२ मार्च १९३०

चि. सौ. चंद्रव्वा हिला आशीर्वाद.

तुझे पत्र साहेबांनी स्वतः वाचायला म्हणून बंगल्यावर नेले. आठ दिवसांनी परत दिले. फार आवडले असावे, कारण एका ठिकाणी तांबड्या पेन्सिलीने खाली रेघ ओढली आहे. ती कल्लप्पाच्या बोलण्याखाली आहे. माझ्या नोकरीच्या सत्तावीस वर्षांत माझ्या एका टिपणाखालीही कुण्या साहेबाने अशी रेघ ओढली नाही.

साहेबांनी सहज विचारले, हा कल्लप्पा कोणत्या गिरणीत आहे? तेवढे पुढच्या पत्रात कळव. छत्रीवाल्या माणसाविषयी मात्र साहेबांनी काही विचारले नाही.

महिपती कारकून हल्ली चहाला येत नाही. विचारले तर म्हणाला, "अप्पा, माजं डोकं दुकतंय. तुमी वाचा." रोज कसे दुखते कोण जाणे.

अप्पा


सोलापूर, २१ एप्रिल १९३०

तीर्थरूप अप्पांना शरणु शरणार्थी.

उत्तराला उशीर झाला. कल्लप्पाची गिरणी कोणती हे ह्यांना विचारलं, तर हातातलं पुस्तक मिटून म्हणाले, "अप्पांना कशाला हवं?" मी म्हटलं, त्यांच्या साहेबांना हवं आहे. मग पुस्तक कपाटात ठेवून दिवा मालवला. तेव्हा ते राहू द्या.

अप्पा, एक मागणं आहे. यापुढे माझी पत्रं कचेरीत वाचू नका. ती तुम्हाला लिहिलेली आहेत. तुम्ही रागावणार नाही असं धरून चालते.

इकडे दिवस बरे नाहीत. मिठाच्या सत्याग्रहाच्या बातम्या येतात तशी रस्त्यात माणसं घोळक्याने उभी राहतात आणि पोलीस दिसला की बोलणं तोडतात. छत्रीवाला आता मागे बसत नाही. थेट पहिल्या बाकावर बसतो, आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते. मी ह्यांना म्हटलं, आता पुरे, उन्हाळ्याची सुट्टीच आहे. तर म्हणाले, "पुस्तक सरकारचं, राजा त्यांचा. मी फक्त वाचून दाखवतो. आणि गोष्ट अर्धी कशी सोडू? राजा अजून पळाला कुठे!"

तो पळणार चार मेच्या रविवारी. सुट्टीमुळे पंधरा दिवस न थांबता लगेच त्यानंतरच्या रविवारी शेवटचं व्याख्यान. मी सिद्धरामेश्वराला सोळा सोमवार बोलले आहे. आज पहिला.

चंद्रव्वा


माळशिरस, २९ एप्रिल १९३०

चि. सौ. चंद्रव्वा हिला आशीर्वाद.

वाचणे बंद केले. तुझी सगळी पत्रे तुझ्या अव्वाच्या लाकडी पेटीत ठेवली आहेत, कुलूप घातले आहे, किल्ली माझ्या करदोट्याला आहे. आता माझ्याखेरीज ती पेटी कोणी उघडणार नाही.

जावईबापूंना माझ्या नावाने सांग की गोष्ट अर्धी राहिली तरी चालते.

अप्पा


सोलापूर, रविवार, ११ मे १९३०

तीर्थरूप अप्पांना शरणु शरणार्थी.

टपालाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र वेळापूरच्या धुळाच्या हाती देते. घोंगड्या विकायला आला आणि इथेच अडकला. चार दिवस आपल्या ओसरीवर आहे. "बाई, म्या लई बाजार बगितले, पर मालक नसल्याला बाजार ह्योच," म्हणतो.

तुमच्या कानावर काय काय गेलं असेल. आम्ही सुखरूप आहोत, हे आधी.

महात्माजींना पकडल्याची बातमी आली आणि गिरण्यांचे भोंगे थांबले. अप्पा, भोंग्याची सवय झाली की तो वाजत नाही तेव्हाच ऐकू येतो. गुरुवारी गोळीबार झाला. माणसं गेली, किती ते कुणी नीट सांगत नाही. संध्याकाळी पोलीस चौकी जळताना आमच्या गच्चीवरून धूर दिसला. शुक्रवारी सकाळी पाहते तो रस्त्यावर एक पोलीस नाही. साहेब लोक बायकापोरांसकट निघून गेले म्हणतात. शहराला सरकारच नाही!

मी दाराला आडणा घालून बसले होते. दुपारी कल्लप्पा आला, म्हणाला, "अक्का, दार उघडा, भ्यायचं काय न्हाय. चौकाचौकात आमची मानसं हाईत." आणि खरंच, पोरं काठ्या घेऊन उभी, गाड्यांना हाताने वाट दाखवत होती. मंडईत भाजी आली. कुणी दुकान लुटलं नाही. काल मी देवळात जाऊन आले, वाटेत कुणी ब्र काढला नाही.

चार तारखेचं व्याख्यान तुम्हाला लिहायचं राहिलं. जेम्स राजा मध्यरात्रीनंतर नावेत बसून पळाला, आणि जाता जाता राज्याचा मोठा शिक्का नदीत फेकून दिला. का, तर शिक्क्याशिवाय कुणाला राज्य चालवता येऊ नये. पहिल्या रात्री लंडनात लोकांनी जाळपोळ केली. हे इथे थांबले आणि फार कळवळून म्हणाले, "जाळायला एक काडी पुरते. सांभाळायला मात्र माणसं लागतात. तुमच्यावर कधी अशी वेळ आली तर जाळू नका." मग सांगितलं, की जाणती माणसं एकत्र बसली, त्यांनी शहर ताब्यात ठेवलं, आणि शिक्का नदीच्या तळाशी असूनही दिवस उगवायचा राहिला नाही. त्या दिवशी सभेला छत्रीवाला नव्हता, म्हणून लोक मोकळेपणी बसले होते.

अप्पा, काय सांगू, ह्यांनी चार तारखेला सांगितलं होतं तसंच सगळं झालं! आधी जाळपोळ, मग राजा नाही, मग लोकांनीच शहर सांभाळलं. कल्लप्पा तर भेटेल त्याला सांगतो, आमच्या मास्तरांना आधीच ठाऊक होतं. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं लिहिते, थोडा अभिमानच वाटला.

आज शेवटचं व्याख्यान व्हायचं होतं. ते अर्थात नाही. राजा परत येतो की नाही हे लोकांना कळायचं राहिलं. मी सकाळी पूजा झाल्यावर ह्यांना विचारलं. खिडकीत उभे होते. म्हणाले, "येतो. पाचव्या दिवशी येतो."

धुळा निघतो म्हणतो. स्टेशनाकडून पायी मोडनिंबाकडे जाईल.

चंद्रव्वा


माळशिरस, २० मे १९३०

चि. सौ. चंद्रव्वा हिला आशीर्वाद.

धुळा आला. पत्र घोंगडीच्या घडीत शिवून आणले होते. त्याला जेवू घातले. जेवता जेवता म्हणाला, "अप्पा, आमी निगालो आन् दुसऱ्या दिशी फौज आली की. आता तितं कुत्रं बी भुकत न्हाय." सोलापुरात लष्करी कायदा लागल्याचे कचेरीत कळलेच आहे.

साहेबांनी विचारले, सोलापूरहून काही आले का? मी नाही म्हणालो. सत्तावीस वर्षांत साहेबाशी खोटे बोलण्याची ही पहिली वेळ.

पत्र पेटीत आहे.

अप्पा


सोलापूर, २ जून १९३०

तीर्थरूप अप्पांना शरणु शरणार्थी.

ह्यांना शुक्रवारी नेलं.

पहाटे मी देवपूजेला बसले होते. इष्टलिंग हातावर होतं, आणि दार वाजलं. चार गोरे शिपाई आणि पुढे छत्रीवाला. पूजा आटोपेपर्यंत थांबा म्हटलं तर छत्रीवाला मान खाली घालून म्हणाला, "थांबतो, ताई." त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी इतिहासाचं पुस्तक नेलं, टिपणं नेली, भिंतीवरचा इंग्लंडचा नकाशाही काढून नेला. हे जाताना म्हणाले, "पुस्तक परत मागून घे. शाळेचं आहे."

आरोप असा, की व्याख्यानं देऊन ह्यांनी लोकांना राज्य उलथायला शिकवलं, आणि शहरात जे झालं ते आधी ठरवून झालं. कोर्ट लष्कराचं. पण अप्पा, वकिलांनी धीर दिला आहे. म्हणतात, छत्रीवाल्याच्या वहीत जे आहे ते सगळं शाळेच्या पुस्तकातलं, त्यावर शिक्षा होणार नाही. महत्त्वाचं ते चार तारखेचं व्याख्यान, आणि त्या दिवशी तो सभेला नव्हताच. त्याच्या घरी लग्न होतं. कल्लप्पाला धरून मारलं, पण त्याने तोंड उघडलं नाही. म्हणजे त्या दिवसाचं त्यांच्याजवळ काहीच नाही. वीस तारखेला खटला आहे. पुरावा नाही, तर सुटतील.

तरी जीव थाऱ्यावर नाही. शाळेने ह्यांना कामावरून काढलं. शेजारच्या बायका आडाला पाणी भरताना माझी पाळी आली की बाजूला होतात. तुम्ही इतकी वर्षं सरकारची चाकरी केली, तुमच्या शब्दाला कुठे तरी वजन असेल. साहेबांना सांगा, माणूस कसा आहे. काही तरी करा, अप्पा. मी तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

चंद्रव्वा


माळशिरस, ७ जून १९३०

चि. सौ. चंद्रव्वा हिला अनेक आशीर्वाद.

आता अगदी निश्चिंत राहा. काम झाले.

तुझे पत्र वाचून रात्रभर डोळा लागला नाही. पहाटे उठून तुझ्या अव्वाची पेटी उघडली आणि सारी पत्रे पुन्हा वाचली. आणि मला दिसले की जावईबापूंच्या निर्दोषपणाचा पुरावा माझ्याच घरात आहे! अकरा मेच्या पत्रात तू स्वच्छ लिहिले आहेस की त्यांनी लोकांना बजावले, जाळू नका. याहून दुसरे काय हवे? वकील म्हणतात त्या दिवसाचे काही लिहिलेले नाही. मी म्हणतो, आहे, आणि माझ्या मॅट्रिक लेकीच्या हातचे आहे.

मी पत्रे घेऊन साहेबांच्या बंगल्यावर गेलो. परवा खोटे बोललो त्याची माफी मागितली. साहेबांनी मला खुर्ची दिली. सत्तावीस वर्षांत प्रथमच बसायला सांगितले. अकरा मेचे पत्र त्यांनी दोनदा वाचले आणि म्हणाले, "अप्पा, हे फार महत्त्वाचे आहे. मी स्वतः सोलापूरला पाठवतो." आजच शिपाई रवाना झाला.

सिद्धरामेश्वराची कृपा. ते सुटले की दोघे इकडे या.

अप्पा


सोलापूर, २३ जून १९३०

अप्पांना,

तुमचं सात तारखेचं पत्र उघडून तपासून इथे पोचलं ते खटल्याच्या आदल्या संध्याकाळी. मी ते घेऊन वकिलांकडे धावत गेले. त्यांनी वाचलं, आणि चष्मा काढून पुसत बसले. माझ्याकडे पाहिलं नाही.

खटला वीस मिनिटं चालला असेल. लांब टेबलामागे तीन लष्करी साहेब होते. दुभाष्याने एक कागद हातात घेतला आणि मराठीत वाचला, "ह्यांनी चार तारखेला सांगितलं होतं तसंच सगळं झालं. आधी जाळपोळ, मग राजा नाही, मग लोकांनीच शहर सांभाळलं." मग त्याचं इंग्रजी केलं. मला दोन्ही कळलं. तुम्हीच शिकवलंत.

वकील उभे राहून म्हणाले, त्याच कागदावर वरती जाळू नका असंही आहे. मधल्या साहेबाने मान हलवली आणि विचारलं, "घडायच्या चार दिवस आधी याला ते कसं कळलं?" वकील म्हणाले, ज्या बाईने हे लिहिलं तिला बोलवा, ती अर्थ सांगेल. मी उठले होते, अप्पा. पदर सावरून उठले होते. तेवढ्यात हे म्हणाले, "बोलवायची गरज नाही. वाक्य माझं आहे. मी घरी बोललो, तिने उतरवलं. तिचं त्यात काही नाही."

हे असं कधी बोललेच नव्हते. ते वाक्य माझं होतं. तुम्हाला आवडावं म्हणून, कचेरीत वाचायच्या पत्रांची हाताला सवय लागली होती म्हणून, मी ते तसं लिहिलं होतं.

दोन वर्षं सक्तमजुरी. नेताना माझ्यापाशी थांबू दिलं, तेव्हा म्हणाले, "अप्पांवर रागावू नकोस. त्यांनी चांगल्या मनाने दिलं." बेड्या घालायला कल्लप्पाही त्याच रांगेत उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

जानेवारीत मी जेम्स राजाच्या लेकींना बोल लावले होते. त्या मुली रात्री घरातून निघताना काय बरोबर घेऊन निघाल्या असतील, काय मागे ठेवून, ते आता कळतंय. बाप वाईट असावा लागतो असं नाही. तो बाप ज्याचं मीठ खातो त्याला सगळं सांगतो, एवढं पुरतं.

मी तुम्हाला सोडणार नाही. तेवढं माझ्याने व्हायचं नाही. पण आता तुम्हाला लिहिणारही नाही. महिन्यातून एक कार्ड टाकीन. पत्ता माझ्या हातचा असेल. तेवढ्यावरून समजा की मी जिवंत आहे. मागची बाजू कोरी असेल. कुणीही उलटून वाचावी.

चंद्रव्वा


(पोस्टकार्ड. शिक्का सोलापूर, १४ जुलै १९३०. एका बाजूला सुवाच्य अक्षरात: रा. रा. सिद्धलिंगप्पा, अव्वल कारकून, तालुका कचेरी, माळशिरस. दुसरी बाजू कोरी.)


(पोस्टकार्ड. शिक्का सोलापूर, ११ ऑगस्ट १९३०. तोच पत्ता. दुसरी बाजू कोरी.)


माळशिरस, २५ ऑगस्ट १९३०

चि. सौ. चंद्रव्वा हिला,

दोन्ही कार्डे पोचली. अक्षर ठीक आहे, त्या अर्थी प्रकृती ठीक असावी. दुसऱ्या कार्डावर माळशिरसचा 'ळ' जरा कापला आहे. ताप येत होता काय?

मी रजेचा अर्ज दिला आहे. साहेबांनी मला वरच्या जागेसाठी शिफारस केली होती, ती परत घ्यावी असे लिहून दिले. साहेब म्हणाले, "अप्पा, तुम्ही सरकारची मोठी सेवा केलीत." त्यानंतर मला त्यांच्यासमोर उभे राहवेना.

काल चहाच्या वेळी महिपती आला. इतक्या महिन्यांनी. म्हणाला, "अप्पा, लेकीचं पत्र आलं व्हय?" मी म्हणालो, आले. मग खिशातून कार्ड काढले, कोरी बाजू माझ्याकडे धरली आणि मोठ्याने वाचले, "इकडे सर्व खुशाल आहे. तुम्ही वेळेवर जेवत जा." तो ऐकत राहिला. मग त्याने माझ्या हातून कार्ड घेतले, उलटून पाहिले, आणि तसेच माझ्या खिशात परत ठेवले. चांगला माणूस आहे.

पेटी आता रिकामी आहे. कुलूप काढून टाकले.

उत्तर पाठवू नकोस, मी मागत नाही. फक्त एक गोष्ट मनात राहून गेली. राजा परत आला तरी शेवटी पुन्हा पळून परदेशात राहिला, देवाची प्रार्थना करीत म्हातारा झाला, असे पुस्तकात असेल. त्याला तिकडे लेकींची पत्रे येत होती का, आणि आली तर त्यात काय असे, एवढे जावईबापू सुटून आले म्हणजे त्यांना विचार.

अप्पा